उजवीकडचं टिंब

आमची सुचिता गणिताची पुस्तकं छपाईसाठी जुळवते. कोणतं सूत्र कसं मांडायचं ते संगणकाला त्याच्या खुणांच्या भाषेत लिहून द्यायचं, की तो सुबक पान काढून देतो. पुण्यातली नोकरी बंद पडली आणि ती वडनेर भोलजीला परत आली. एका प्रकाशकानं नमुन्याचं एक प्रकरण दिलं. पसंत पडलं तर घरूनच काम. नाही तर पुन्हा पुणे, पुन्हा भाड्याची खोली. मी तिची आई. मला ती इथेच हवी होती, उगाच लपवायचं कशाला?

प्रत्येक सूत्राखाली चिन्हांची यादी होती. व म्हणजे वेग, क म्हणजे काळ, असं एकाखाली एक, आणि सगळ्यांना डावीकडून कवेत घेणारा एकच मोठा महिरपी कंस.

पाठवायच्या दिवशी तिनं शुद्धलेखन तपासायला खुणांसकटचा मजकूर लॅपटॉपवर उघडून वडिलांपुढे ठेवला आणि ती आंघोळीला गेली. आमचे पुंजाजी मराठीचे निवृत्त मास्तर. लग्नपत्रिका हातात आली तरी आधी ऱ्हस्व-दीर्घ बघतात, मग मुहूर्त.

ती परतली आणि पान काढायला गेली, तर जिकडेतिकडे चूक दाखवणारी लाल अक्षरं. एकही यादी उभी राहीना. तिनं सगळे कंस तपासले, ते बरोबर होते. पोरीचा चेहरा उतरला.

"बाबा, तुम्ही यात काही खोडलं काय?"

"चूक होती ते खोडलं. वाक्य नाही, काही नाही, अन् ओळीच्या शेवटी नुसतं टिंब! पानोपानी तेच. सारे काढून टाकले."

सुचितानं कपाळावर हात मारला आणि मग हसतच सुटली.

"बाबा, डावीकडं मोठा कंस उघडला का त्याले उजवीकडं जोडीदार लागते. आपल्याले तो नको, म्हणून तिथं टिंब द्या लागते. छापल्यावर ते दिसत नाही."

"दिसत नाही तं टाकता काऊन?"

"इथं काही नाही, हे बी संगणकाले सांगा लागते."

"मंग चूक माहीच," मास्तर म्हणाले. आमच्या घरात हे क्वचितच घडतं, म्हणून मी नीट बघून घेतलं.

टिंबं परत बसली तशा याद्या पटापट उभ्या राहिल्या. प्रकरण वेळेत गेलं. दुसऱ्याच दिवशी प्रकाशकाचा फोन आला, बाकीचं पुस्तकही तुम्हीच करा. मी भाकरी तव्यावर तशीच सोडली आणि ओसरीत येऊन रडले. किती दिवसांनी छाती मोकळी झाली!

"आई, भाकर जळून राह्यली," सुचिता म्हणाली, "अन् मी आता कुठंच चालली नाही."

मास्तरांनी लगेच पुढचं प्रकरण तपासायला मागितलं. तिनं दिलंही, कागदावर छापून.