ब्लोअरवाली मावशी

चौक गावाला जुन्या हायवेवर मी गाडी धुवायला देतो, तिथे पन्नाशीची एक बाई धुतलेल्या गाड्या वाळवते. तिचं नाव मी कधी विचारलं नाही. पदर कमरेला घट्ट खोचून ती ब्लोअरचं तोंड आरशामागे, दारांच्या मुठींत, नंबरप्लेटच्या फटीत धरते. लपून बसलेलं पाणी वाऱ्यानं बाहेर येतं, आणि ती ते फडक्यानं टिपते. प्रत्येक गाडी झाली की ब्लोअर खाली ठेवून क्षणभर मनगट चोळते.

परवा मी म्हटलं, "राहू द्या मावशी, वाटेत वाळेल."

तिनं माझ्या ओठांकडे पाहिलं आणि मशीन बंद केलं.

"मोठ्यानं बोला दादा. ह्या आवाजानं कान गेले माझे."

"मग कानात कापूस घालत जा ना!"

"घातला हुता. मालकानं मारलेली हाक ऐकू येईना, तवा काढला." ती थकल्यासारखी हसली. "आता घरी गेलं तरी मशीन डोक्यात चालूच ऱ्हातं. नात बोलते ती त्याच्या पल्याडनं."

मला काहीतरी बोलायचं होतं, पण ते ओरडून सांगण्यासारखं नव्हतं. मी नुसती मान हलवली. तिनं बटण दाबलं आणि उरलेलं दार वाळवायला घेतलं.