बावीस बायकांनी तपासलेलं गाणं

माझे आजोबा गाणंचोर नव्हते.

हे आज लिहितेय, कारण आता मला खात्री आहे. आणि आज त्यांना जाऊन अकरा वर्षं झाली.

रघुनाथ आंबवणे. अंबरनाथला काडेपेटीच्या कारखान्यात टाइमकीपर. आणि पन्नासच्या दशकात सात रेकॉर्डींवरच्या चौदा गाण्यांचे गीतकार. त्या जुन्या जड रेकॉर्डी, हातातून पडली की दोन तुकडे. एका बाजूला एकच गाणं.

मी शाळेत जायच्या आधी वाचायला शिकले ती या रेकॉर्डींच्या लेबलांवर. आजोबा बोट ठेवायचे, मी अक्षरं जोडायची.

मला वाचता आलेला पहिला शब्द 'गीत'. दुसरा 'रघुनाथ'.

तेरा गाण्यांवर त्यांचं नाव आहे. चौदाव्यावर नाही. तिथे छापलंय, 'पारंपरिक'.

आणि गाजलं नेमकं तेच.

"काडी ओढ गं, उजाडू दे
दारी वरात दिसू दे"

अंबरनाथ-बदलापूरकडे हळदीला हे गाणं होत नाही असं घर नसेल. (निदान मी पाहिलेलं नाही.) त्या काळी उल्हासनगरच्या कॅम्पात एक सिंधी हॉटेलवाला ही रेकॉर्ड रोज सकाळी लावायचा. आजोबांना म्हणायचा, "साईं, समझ में कुछ नहीं आता, पर चाय ज़्यादा बिकती है!"

हे सांगताना आजोबा इतके हसायचे, की त्यांचा स्वतःचा चहा बशीत सांडायचा.

"आजोबा, यावर आपलं नाव का नाही?" मी एकदा विचारलं होतं.

"जागा नव्हती गं."

मी चार वर्षांची होते. मला पटलं.

मागच्या वर्षी याच दिवशी मी इथे गाण्याचे शब्द टाकले आणि खाली त्यांचं नाव लिहिलं. एका काकांची कमेंट आली : "रेकॉर्डवर पारंपरिक आहे. कारखान्यातल्या बायकांचं गाणं उचललं असणार. घराण्याच्या नावावर करू नका."

मी पोस्ट डिलीट केली.

बाबा चिडले. "अगं, कोण कुठला माणूस, तू कशाला घाबरतेस?"

पण मी त्या काकांना घाबरले नव्हते. खरंच ते बायकांचं असेल तर, याला घाबरले होते.

मग या उन्हाळ्यात मैत्रिणीच्या हळदीला बदलापूरला गेले. तिथे गाणं सुरू झालं. दोन अंतरे झाले. रेकॉर्डवर दोनच आहेत, म्हणून मी टाळ्या वाजवायला लागले.

बायका थांबल्याच नाहीत.

"सासूबाईंची काडी ओली
घासून घासून पेटी गेली!"

सगळा मांडव हसतोय, आणि मी टाळ्या थांबवून ऐकतेय. म्हणजे यांच्याकडे रेकॉर्डपेक्षा जास्त गाणं आहे. म्हणजे गाणं यांचंच.

सगळ्यांत मोठ्याने गात होती मैत्रिणीची आजी, चंद्राबाई. नव्वदीला टेकलेली. मी जवळ जाऊन बसले. म्हटलं, "आजी, हे गाणं तुम्ही कुठे शिकलात?"

"शिकले कुठं? मी कारखान्यात पेट्या भरायची ना. आमचा टाइमकीपर हजेरी घेता घेता ओळी म्हणायचा."

मी कसंबसं सांगितलं, की मी त्यांची नात.

"रघूभाऊची?" त्यांनी माझी हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं. "नाक त्याचंच हाय. बिचारी!"

मग त्यांनी जे सांगितलं, ते आमच्या घरात कुणालाच माहीत नव्हतं.

आजोबा या गाण्याची नवी ओळ आधी पॅकिंगच्या टेबलापाशी म्हणायचे आणि बायकांच्या हातांकडे बघत राहायचे. काड्या भरणारे हात चालू राहिले, तर ओळ पास. हात थांबले, तर ओळ बाद. गाणं कामाच्या आड येता कामा नये, असं म्हणायचे.

"सासूची ओळ त्यानं आणली. पुढली काय त्याला सुचंना. आठ दिवस तेच! मग मीच बोलले, 'घासून घासून पेटी गेली.' सगळ्या जणी अशा हसल्या, की टेबलच बंद! मुकादम धावत आला."

"मग?"

"मग काय! हात थांबले ना. तो अंतरा बाद. आमी काय सोडतोय? आमी ठेवून घेतला."

मी धीर करून विचारलं, "आणि रेकॉर्डवर पारंपरिक का?"

आजी आधीच हसायला लागल्या.

"मुंबईला रेकॉर्डिंग करून आला नि आमाला सांगतो, रेकॉर्डवाल्या साहेबानं विचारलं, गीत कोणाचं? हा बोलला, लिवलंय मी, पण बायकांनी तपासलंय, त्यांची पण नावं घाला. साहेब बोलला, किती बायका? हा बोलला, बावीस!"

लेबल केवढं असतं, तुम्ही पाहिलंय ना?

साहेबांनी कपाळावर हात मारला आणि 'पारंपरिक' लिहून टाकलं.

"आजी, मग मी नाव कुणाचं लिहू?"

"त्याचंच लिव. सगळं त्यानं लिवलं, आमी नुसत्या हसलो." मग माझा हात घट्ट धरला. "पण पेटीची ओळ माजी हाय हां. ती त्याच्या नावावर नको खपवू."

नाही खपवत, आजी. हे सगळं फोनवर तुम्हाला दोनदा वाचून दाखवलंय. तुम्ही 'बरोबर' म्हणालात, म्हणूनच टाकतेय.

काडी ओढ गं, उजाडू दे
गीत : रघुनाथ आंबवणे
तिसऱ्या अंतऱ्यातली दुसरी ओळ : चंद्राबाई
तपासणी : पॅकिंगच्या बावीस जणी

बाकीच्या एकवीस नावांपैकी आजींना नऊ आठवतात. ती कमेंटमध्ये लिहिते. कुणाची आई, आजी, आत्या त्या टेबलावर असेल, तर खाली नाव घाला.

इथे जागा भरपूर आहे, आजोबा.

तुम्हाला मनापासून नमस्कार.