सरांच्या गाडीला शेंगदाण्याचा कूट

आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला पहिला माणूस मी. दुसऱ्याच्या गाडीला शेंगदाण्याचा कूट फासलेला पहिला माणूसही मीच. पहिल्या गोष्टीचे पेढे वाटले होते. दुसरी गोष्ट कुणालाही सांगायची नाही असं घरात ठरलंय, म्हणून ती इथे लिहितो.

गाडी आमच्या सरांची. सर धायरीच्या शाळेत मला शिकवायला होते, आता निवृत्त होऊन बिबवेवाडीत राहतात. माझा कॉलेजचा फॉर्म त्यांनीच शेजारी बसून भरून घेतला. (मी एकट्याने भरला असता तर ‘वडिलांचा व्यवसाय’ या रकान्यात बाबांच्या टेम्पोचा नंबर लिहून मोकळा झालो असतो!) ताईच्या साखरपुड्याला पाहुणे टेम्पोत आणणं बरं दिसेना, म्हणून मी चाचरत सरांकडे गाडी मागितली.

सरांनी चष्म्यावरून पाहिलं. “गाडी मी कुणालाही देत नाही. तू वाचणारा मुलगा आहेस, म्हणून देतोय. रविवारी संध्याकाळी पाच वाजता स्वतः न्यायला येईन. तिथून थेट खराडीला, नातवाच्या बारशाला.”

गाडीचा आणि वाचनाचा काय संबंध, ते मला तेव्हा कळलं नाही.

साखरपुडा झकास झाला. गाडी बाबांनी चालवली, ओरखडासुद्धा नाही. तशीच परत दिली असती तर हा लेख लिहावा लागला नसता. पण रविवारी सकाळी आई म्हणाली, “कुनाचं भांडं रिकामं परत धाडायचं नसतं.”

हा आमच्या घरचा कायदा. शेजारून वाटीभर साखर आणली तर वाटी परत जाताना तीत निदान चार भजी जातात. आता गाडीत काय घालून द्यायचं? भजी शोभेनात. मी म्हणालो, “आपण... म्हणजे, मला वाटतं... चकाकी देऊ या.”

“शिकल्याला कळतं बग!” बाबा म्हणाले. तिथेच माझा घात झाला.

दुकानातून गाडीला लावायच्या मेणाचा डबा आणला. त्यावरची सूचना इंग्रजीत. मी अंगणात उभा राहून ती मोठ्याने वाचली आणि मराठीत समजावली. आई पदराला हात पुसत ऐकत होती. शेजारचे काका त्यांच्या राणी नावाच्या शेळीला चारा टाकायचं विसरून ऐकत होते. मुंगीएवढ्या अक्षरातली शेवटची ओळ तेवढी उरली, तोच आई म्हणाली, “च्या निवतोय!” मी चहा प्यायलो.

मग मी मेण लावलं. टपाला लावलं, दारांना लावलं. आणि दुजाभाव नको म्हणून खालच्या काळ्या प्लास्टिकलाही लावलं! बंपर, आरशांच्या पाठी, चाकांवरच्या कमानी, काही म्हणता काही सोडलं नाही.

मेण वाळलं. पुसलं. लाल पत्रा आरशासारखा झाला. काळं प्लास्टिक मात्र पांढरं पडलं! त्या प्लास्टिकला बारीक खरखरीत दाणे असतात, आणि प्रत्येक दाण्याच्या फटीत मेण जाऊन बसलं होतं. गाडी दह्याच्या पातेल्यात तोंड घालून आलेल्या मांजरासारखी दिसत होती.

आता मी डब्यावरची शेवटची ओळ वाचली. खरखरीत प्लास्टिकला लावू नये.

“काय लिवलंय?” बाबांनी विचारलं.

“काही नाही... सावलीत ठेवा म्हणताहेत.” (आयुष्यातलं माझं पहिलं खोटं भाषांतर!)

साबण लावला. मेण तसंच. आईने तांब्याची भांडी घासायची चिंच आणली. मेणाच्या पांढऱ्यावर चिंचेचा तपकिरी थर चढला.

“तारंची घासणी आन,” काका म्हणाले. “दोन मिंटात निगंल.”

“अहो काका, प्लास्टिक निघेल!”

“मग ते तरी निगंल की!”

दोन वाजले. बारशाला जमलेल्या पाहुण्यांसमोर सर ही कोड फुटल्यासारखी गाडी घेऊन उतरताहेत आणि ‘वाचणाऱ्या मुलाला दिली होती’ असं सांगताहेत, हे चित्र डोळ्यांपुढे आलं. मी मोबाईलवर शोधलं. एक परदेशी गृहस्थ हसत हसत सांगत होता, पीनट बटर चोळा, मेण सुटेल.

“ते काय असतं?” आईने विचारलं.

“शेंगदाण्याचं... लोण्यासारखं.”

“एवढंच व्हय!” म्हणत आई आत गेली. मिक्सर घरघरला. भाजलेले शेंगदाणे, वर पळीभर तेल. परातभर गोळा बाहेर आला. “मीठ घातलं न्हाई,” ती म्हणाली. “घालू का?”

आम्ही चौघं बसलो आणि जुना दातांचा ब्रश, फडकं, बोटं, जे मिळेल त्याने गाडीला कूट चोळू लागलो. आणि काय सांगू, मेण सुटलं! खालून काळंभोर प्लास्टिक वर आलं! बाबांनी माझी पाठ थोपटली. (पाठीवर अजून तेलाचा पंजा आहे.)

फक्त मेणाच्या जागी आता कूट बसला होता. त्या परदेशी गृहस्थाचं लोणी गुळगुळीत असावं, आमचा कूट होता जाडाभरडा. प्रत्येक फटीत एकेक कण! पुसावा तर आणखी आत जाई. पाण्याचा पाईप लावायला धावलो, तर नळाचं पाणी गेलेलं. बाबा शेजारी बादली मागायला निघाले, तेवढ्यात मागून खर्र खर्र आवाज आला.

राणी बंपर चाटत होती.

“हाड! हाड!” मी धावलो.

“थांब!” काका ओरडले. “बग तरी.”

आम्ही वाकून बघितलं. जिथे राणीची जीभ फिरली होती, तिथे ना मेण, ना चिंच, ना कूट. कारखान्यातून निघाल्यासारखं लख्ख!

“सोड तिला,” बाबा गंभीरपणे म्हणाले. “करू दे काम.”

सोडून चालेना, कारण ती एकाच जागी रेंगाळायची. मग मी तिचा दोर धरला आणि गाडीभोवती फिरवायला लागलो. आरशापाशी पोचेना, तेव्हा बाबांनी तिचे पुढचे पाय उचलून धरले. आई मागून म्हणत होती, “ह्या कोपऱ्यात ऱ्हायलं बगा!”

“काय, वाहनपूजा का?”

फाटकात सर उभे होते. धोतर, टोपी, हातात बारशाची झबली-टोपडी. पाचाला पाच मिनिटं कमी.

“सर... म्हणजे... ती साफ करतेय.”

“ते दिसतंय. आपण काय करताय?”

“मी... दोर धरलाय.”

सरांनी गाडीभोवती एक शांत फेरी मारली. आरशावरून बोट फिरवलं, हुंगलं. “छान भाजलेत,” म्हणाले.

आईने घाईघाईने उरलेल्या कुटात गूळ घालून लाडू वळले आणि डबा सरांच्या हातात दिला. सरांनी डबा शेजारच्या सीटवर ठेवला आणि गाडी खराडीच्या दिशेने काढली. मी रात्रभर बसून माफीची चिठ्ठी लिहिली आणि सहा वेळा फाडली.

आठ दिवसांनी डबा परत आला. रिकामा नव्हता. आत बारशाचे पेढे होते आणि वर सरांच्या वळणदार अक्षरातली चिठ्ठी: ‘वाचणाऱ्याने शेवटची ओळही वाचावी. ताईच्या लग्नाला गाडी लागली तर जरूर ने. शेळी मोकळी आहे ना, एवढं आधी विचारून ठेव.’

मी लगेच काकांना विचारलं. राणी मोकळी आहे. लग्नाच्या आठवड्यात माझी सेमिस्टरची परीक्षा आहे, त्यामुळे दोर धरायला दुसरा कुणीतरी शिकलेला शोधतोय.