विहिरीची ज्वारी, तालमीचा हरभरा

आमच्या थोरल्या मामंजींनी, म्हणजे माझ्या चुलत सासऱ्यांनी, जन्मात एकही गोष्ट चार माणसांना विचारल्याशिवाय केली नाही. पटका कुठल्या रंगाचा घ्यावा हेसुद्धा गल्लीला विचारायचे, आणि गल्ली भांडत बसली की जुनाच फाटका गुंडाळून हिंडायचे. आमटीत मीठ किती टाकू, असं जाऊबाईंनी एकदा विचारलं, तर म्हणाले, "थांब पोरी, शेजारच्या म्हातारीला इचारून येतो." आमटी आटली, तरी यांचा पत्ता नाही!

अशा माणसाच्या हाती महाराजांच्या दरबारातून गल्लीचा पैसा आला. विहीर बांधा नाहीतर तालमीवर छप्पर घाला, पण गल्लीला विचारून, असा हुकूम. मामंजींना स्वर्गच लाभला. मडकं घेऊन दारोदार निघाले. विहिरीला ज्वारीचा दाणा, तालमीला हरभरा. बायकांनाही विचारलं, बरं का! आम्हाला तोवर 'जेवलीस का' एवढंही कुणी विचारलं नव्हतं. तळ्यावरून घागरी वाहून माझी आणि समोरच्या पिंजाऱ्याच्या आमिनाभाभीची मान मोडायला आली होती. पडद्याआडून हात काढून तिनं ज्वारी टाकली आणि मला म्हणाली, "आमाला बी इचारलं की गं!"

मडकं ठेवलं तालमीत. जोर काढून भुकेलेले पैलवान. आपलाच हरभरा चावून खाल्ला त्यांनी. विहीर जिंकली! पण मामंजी म्हणाले, "पुन्यांदा इचारायचं."

"आवो, खाल्लं त्येंचं गेलं की!" मी दाराआडून बोलले.

"तसं न्हाय, सूनबाई. पोटात गेला तरी त्येंचा बोल व्हता त्यो."

तेवढ्यात गाठीचा ताप, म्हणजे प्लेग, आला. सगळी गल्ली माळावर झोपड्यांत गेली. परतलो तेव्हा कितीतरी दारांची कुलपं निघालीच नाहीत. पैलवानच म्हणाले, "विहीरच बांधा आता." तरी मामंजी मडकं घेऊन निघाले. बंद दारासमोर उभे राहायचे. "घरात कोन हाय का? विहीर का तालीम?" विचारायचे, आणि थांबायचे. कुणी हसलं नाही.

आमिनाभाभीच्या कुलूपबंद दारासमोरून तर ते हलेचनात. मी पदर सावरून पुढं झाले. "मामंजी, तिनं ज्वारी टाकलीती. मी बघितलंय."

त्यांनी मडकं माझ्यापुढं धरलं. "मग टाक तूच, तिच्या वाटची."

विहीर झाली. पाणी गोड लागलं. मामंजीही आता नाहीत. पण पहिली घागर वर आली की मी अजून त्या समोरच्या दाराकडं बघून विचारते, "नेऊ का गं?" आणि जराशी थांबते.