भिंतीपासून चार बोटं

त्या घराच्या माडीला एक दार होतं आणि दाराबाहेर काहीच नव्हतं. उघडलं की खाली थेट अंगण. घर बांधताना 'पुढं गॅलरी काढू' म्हणून चौकट बसवून ठेवली, आणि ते पुढं कधी आलंच नाही. पेणजवळ, गडबच्या आसपास अशी दारं बरीच दिसतात. मी त्या घरात भाड्यानं राहायला गेलो, तेव्हा घरमालकीण मावशींनी सगळं घर दाखवलं, आणि आडवा बांबू घातलेल्या त्या दाराशी येऊन म्हणाल्या, "ह्या दारातनं जाव नको हां. पुढची पायरी थेट देवाच्या घरची हाय."

माझं गाव परभणीकडं. आठवीत शाळा सोडली आणि फिरत फिरत इकडं एका कंपनीत हेल्पर म्हणून लागलो. खालची खोली माझी, वर मावशी आणि त्यांचे यजमान, त्यांना मी बाबा म्हणतो. पहिल्याच पावसाळ्यात मला कावीळ झाली. आईला कळवलं नाही. ती बिचारी एवढ्या लांब येणार कशी. मावशींनी मऊ भात भरवला, बाबांनी कुठून कुठून झाडपाला आणला, आणि मी उठून बसलो. त्यांची माझी ना जात एक, ना बोली एक. तेव्हापासून त्या घरातून काही सांगावा आला की मी हातातलं काम आधी बाजूला ठेवतो. आपल्या हातून तिथं काही वाईट होऊ नये, एवढंच वाटत राहतं.

नंतर मी रोह्याला एका फॅब्रिकेशनच्या दुकानात लागलो, वेल्डिंग शिकलो, तिथंच राहायला गेलो. सणावाराला मात्र गडबला जायचो.

बाबांचं सगळं आयुष्य मिठागरात आणि खाडीकाठच्या खारीतल्या शेतीत गेलेलं. म्हातारपणी त्यांना दम्यानं धरलं. खाली ठेवायची सोय नव्हती. पावसात खालच्या भिंतींना ओल चढते, मीठ फुटतं. कोरडी अशी एकच खोली, ती माडीवरची. पेणच्या डॉक्टरांनी सांगितलं, कोरड्यात ठेवा आणि रोज थोडा वेळ मोकळ्या हवेत बसवा. आता कोरडी जागा हवी तर वर राहायचं, मोकळी हवा पाहिजे तर खाली उतरायचं, आणि जिना तर त्यांना झेपत नव्हता. मावशींनी त्या बांबू घातलेल्या दाराकडं पाहिलं आणि मला फोन लावला.

"तुझ्या दुकानात गॅलरी करतान का रं?"

मी हो म्हणालो. 

माप घ्यायला गेलो त्या दिवशी त्यांची लेक आली होती. ती पेणला दिलेली, मला दादा म्हणते. बाबांना ऐकू जाऊ नये म्हणून तिनं मला जिन्यात गाठलं.

"दादा, राग मानू नका. ह्या भिंतीला भोकं पाडणार तुम्ही?"

"पाडावी लागतील."

"मग एक ध्यानात ठेवा. ही भिंत ओली झाली, तर बाबांना ठेवायला दुसरी जागा नाय. माझ्याकडं तिसरा मजला आणि लिफ्ट नाय. आणि तिकडं ते जगायचेपण नायत, खाडीचा वारा नसला तर."

मी मान हलवली. 

दुकानात शेठला विचारलं. शेठ टोचून बोलतो, पण शिकवताना हात आखडत नाही. म्हणाला, "लोखंड भिंतीला चिकटवलंस की मधे पाणी बसणार. उन्हात लोखंड फुगतं, भिंत तेवढी फुगत नाही. कधी ना कधी फट पडणारच. मग ती आपणच ठेवावी, चांगली मोठी. गॅलरी आपल्या पायावर उभी कर. भिंतीचा आधार फक्त हलू नये इतकाच घे."

तसंच केलं. गॅलरीला तिचे स्वतःचे खांब दिले, आतल्या बाजूलासुद्धा. भिंत आणि गॅलरी यांच्यात चार बोटं मोकळी सोडली. जमीन फळ्यांची, फळीफळीत बोटभर अंतर, सगळी अंगणाच्या बाजूला किंचित उतरती. उंबरठ्यापेक्षा वीतभर खाली, म्हणजे पाणी उसळलं तरी दारातून आत यायला नको. डोलू नये म्हणून फक्त दोन ठिकाणी स्लॅबच्या बीमला बोल्ट मारले. ती भोकं पाडताना ड्रिल आत जाताना थोडं वर चढवलं, कारण पाणी उताराला येतं, चढाला जात नाही. बोल्टाखालच्या लोखंडी पत्तीच्या मागं रबर, वर पत्र्याची टोपी, कडेनं सीलंट. खालची बाजू उघडी, आत गेलंच पाणी तर बाहेर पडायला.

शेजारी मावशींचे लांबचे दीर राहतात. गवंडी आहेत. रोज संध्याकाळी येऊन खालून बघायचे.

"गॅलरी हाय का मचान? भिंतीला धरलीच नाय."

"मुद्दाम सोडलीय."

"मुद्दाम? फट कोणी मुद्दाम ठेवतं काय? उंदरांना रस्ता केलास होय? थांब, पाटीभर सिमेंटचा माल आणतो, भरून देतो."

"काका, पाया पडतो, भरू नका."

"बघा गो वहिनी, परभणीचा पाहुणा कोकणातल्या गवंड्याला पाऊस शिकवतोय!"

मावशी हसल्या. मी हसलो नाही. रात्री झोपताना हेच डोक्यात: त्यांचं खरं असलं तर?

काम झाल्यावर पाइप लावून भिंतीवर पाणी मारलं. बाबा आत कॉटवर बसले, दोन्ही तळवे भिंतीला टेकवून, डोळे मिटून. मी बाहेरून पुन्हा पुन्हा विचारत होतो, "बाबा?" आणि आतून खोकल्याबरोबर उत्तर येत होतं, "कोरडी. कोरडी हाय. बंद कर आता, विहीर उपसशील." मग त्यांना खुर्चीवर बसवून बाहेर आणलं. त्यांनी खाडीकडं तोंड केलं आणि अंगावर वारा घेतला. मावशींनी पदरानं डोळे टिपले आणि मला ओरडल्या, "चहा निवला तुझा."

त्यानंतर रोह्याच्या एका कंपनीत शटडाऊनचं, म्हणजे कारखाना बंद ठेवून दुरुस्तीचं काम निघालं आणि मी त्यात अडकलो. पाऊस सुरू झाला, जोर धरला. एका दुपारी मावशींच्या लेकीचा फोन आला.

"दादा, भिंत ओली झालीय."

"कुठं?"

"दाराशेजारी. तुमच्या बोल्टांकडंच."

मला पुढचं नीट ऐकू आलं नाही. बाबांची धाप वाढलीय, वाफेचं मशीन लावलंय, एवढं कळलं. शेठला सांगून गाडी काढली. नागोठण्याच्या बाजूनं निघालो तर समोरून पावसाच्या चादरी. हेल्मेटची काच पुसत होतो आणि मनात त्या दोन भोकांचा हिशेब चालला होता. उजवं भोक पाडताना ड्रिल एकदा घसरलं होतं. ते सरळ तर गेलं नव्हतं ना? रबर नीट बसलं होतं ना? ज्या माणसानं मला झाडपाला पाजून उठवलं, त्याच्या उशाला मी पाणी आणून ठेवलं होतं.

माडीवर पोचलो तेव्हा बाबा उशांना टेकून बसले होते, तोंडाला मास्क. लेकीनं माझ्याकडं पाहिलं आणि नजर फिरवली. गवंडीकाका कोपऱ्यात उभे.

"सांगत होतो. फट भरली असती तर ही पाळी नसती."

मी भिंतीजवळ गेलो. काळपट ओल, हात लावला तर गार. गुडघे टेकून बोल्टांची जागा चाचपू लागलो. बाबांनी मास्क खाली ओढला.

"पोरा, तिथं नको बघू."

"बाबा, बोलू नका, धाप लागेल."

"दिसभर हीच भिंत बघतोय मी. दुसरा काय काम हाय मना? तुझा बोल्ट दोन जागी हाय. ओल दोन जागी नाय. बघ, आडवी चाललीय. पट्टा हाय."

मी मागं सरकून पाहिलं. खरंच, ओल बोल्टाभोवती गोल नव्हती. दाराच्या चौकटीपासून कोपऱ्यापर्यंत सरळ पट्टा होता, जमिनीलगत, बाहेरच्या गॅलरीच्या रेषेत.

"मिठागराचा बांध कुठं पाझरतो?" बाबा थांबत थांबत बोलत होते. "जिथं काय तरी कुजत पडलाय तिथं. उघाडीत, म्हंजे बांधातल्या पानी सोडाच्या दारात, गवत अडकला का पानी बांधात शिरतं. बाहेर जा, काय अडकलाय बघ."

मी दारातून बाहेर गेलो आणि तेव्हा पहिल्यांदा माझं लक्ष झडीकडं गेलं. इकडं पावसाच्या तोंडाला घराच्या पश्चिमेच्या भिंतीला झड बांधतात. पूर्वी झावळ्यांची असायची, आता निळं प्लास्टिक. दरवर्षी ती वाशापासून जमिनीपर्यंत सोडलेली मी बघत आलो होतो. तीच ही भिंत कोरडी ठेवायची. ह्या वर्षी मध्ये माझी गॅलरी आली. झड खाली सोडता येईना, म्हणून तिचं टोक गॅलरी आणि भिंत यांच्यातल्या फटीत खोचलं होतं. आणि ते निसटू नये म्हणून वरून गोणपाट कोंबले होते. दाराच्या चौकटीपासून कोपऱ्यापर्यंत, गच्च.

मी एक गोणपाट ओढला. पाण्यानं लदबदलेला, भिंतीला चिकटलेला. झडीवरून येणारं सगळं पाणी पिऊन तो आठवडेच्या आठवडे भिंतीला पाजत होता.

"हे कोणी कोंबलं?"

 आतून मावशींचा आवाज आला, "मी."

"मावशी..."

"वारा सुटला का ते प्लाश्टिक फडफड करायचा. यांचा डोला लागायचा नाय. डोला लागला नाय का दम वाढतो. मग भावजींना बोलली, आनि आमी दोघांनी बसवला." त्या दारात येऊन उभ्या राहिल्या. "मना वाटला, उंदीर पन येनार नाय."

गवंडीकाका खिडकीतून बाहेर बघत होते. बघण्यासारखं बाहेर काही नव्हतं, नुसता पाऊस.

 मावशींना बाबांची झोप हवी होती. झड तर त्या लग्न होऊन आल्यापासून बांधत होत्या. चूक झाली ती फक्त माझी गॅलरी मध्ये आल्यामुळं. मी एवढी चार बोटं सोडली, पण ती कशासाठी सोडली हे त्यांना कधी सांगितलंच नव्हतं, नुसतं 'भरू नका' म्हणालो होतो. आणि त्यांनी माल भरलाही नव्हता.

पावसातच सगळे गोणपाट काढले. काका खाली अंगणात उभे राहून ते झेलत होते. झडीचं टोक फटीतून मोकळं खाली सोडलं आणि खालच्या खांबांना पट्टी मारून ताणून बांधलं, म्हणजे भिंतीला टेकायला नको आणि फडफडायला नको. फटीतून पाणी सरळ खाली पडू लागलं. तो आवाज अजून माझ्या कानात आहे.

पण भिंत ओलीच होती. लेक म्हणाली, "मी बाबांना नेते. खांद्यावर घालून नेते." बाबा नको म्हणत होते, आणि दोघांचं बरोबर होतं.

शेवटी बाबांनी मावशींकडं चुलीतला कोळसा मागितला. भरतीचं पाणी चढतंय का उतरतंय हे बघायला बांधावर काठी रोवतात, तसं त्यांनी मला ओलीच्या कडेनं भिंतीवर रेघ मारायला लावली. "रेघेच्या बाहेर आली तर मी जातो, गपचूप. आत गेली तर कोणी बोलाचा नाय."

कॉट दुसऱ्या भिंतीला सरकवली. पंख्याचा झोत ओल्या भिंतीवर सोडला. मी राहिलो, शेठला फोन केला तर म्हणाला, "ये कोरडा होऊन." दुसऱ्या दिवशी ओल रेघेवरच. मी दर थोड्या वेळानं बोट लावून बघत होतो. बाबा वैतागले, "अरे, ती भिंत हाय, नाडी नाय." त्याच्या पुढच्या सकाळी मावशी चहा घेऊन वर आल्या, भिंतीकडं बघत उभ्या राहिल्या आणि कप तसाच हातात धरून म्हणाल्या, "अहो, रेघ सुटली."

रेघ आणि ओल यांच्यात कोरड्या भिंतीची एक बारीक पट्टी दिसत होती. लेकीनं पुढं होऊन तिच्यावर तळवा ठेवला, आणि मग पेणला फोन करून सांगितलं की ती एकटीच परत येतेय.

उघडीप मिळाली तशी बाबांना पुन्हा गॅलरीत बसवलं. काका आले, खालून बघू लागले. मावशींनी वरूनच आवाज दिला, "भावजी, त्या फटीला हात लावाचा नाय हां. ती उघाडी हाय आमची."

कोळशाची रेघ मावशींनी पुसू दिलेली नाही. रोह्यात पाऊस तिरपा लागला की मी अजूनही गडबला फोन लावतो.

"मावशी, भिंत?"

"कोरडी हाय रं. तू जेवलास का?"