सुनिल्दाचा पिवळा

मार्च महिना लागला की एर्सिरा बार्रियाच्या घरात पानगळ आधी नाकाला कळायची. चुलीवर सफरचंदांचा मुरांबा रटरटत असायचा, आढ्याला लसणाच्या वेण्या टांगलेल्या असायच्या आणि मागच्या पडवीतून नुकत्या काढलेल्या बटाट्यांचा मातकट वास यायचा. पृथ्वीच्या दक्षिण अर्ध्यातल्या या चिलोए बेटावर ऋतू उलटे, आणि मार्चमधली पानगळ येते ती पाऊस आणि घाई बरोबर घेऊनच. पहिलं कडक दहिवर पडायच्या आत बाग आवरायची, सरपण रचायचं, लोकर कातायची. एर्सिराला ही घाई मनापासून आवडे. चुलीशेजारी बसून चाती फिरवत सूत काढायचं, मधूनच उठून मुरांब्यात डाव फिरवायचा, पुन्हा बसायचं. मोजे तर असे विणायची, की गावातले कोळी म्हणत, होडी सडेल पण एर्सिराचा मोजा सडायचा नाही.

म्हणजे बाई सुखात असायला काहीच हरकत नव्हती. पण सुख आणि एर्सिरा यांच्यामध्ये एक कुंपण होतं आणि कुंपणापलीकडे सुनिल्दा ओयार्सो राहत होती.

दोघी एकाच सुमाराला लग्न होऊन या गावात आल्या. दोघींचे नवरे दर उन्हाळ्यात एकाच बोटीने दक्षिणेला मेंढ्या कातरायला जात. सुनिल्दाचा नवरा दर वर्षी परत येई, तोही बायकोसाठी काहीतरी घेऊन. एर्सिराचा एका वर्षी आलाच नाही. त्याने तिकडेच दुसरा संसार मांडला. त्या वर्षापासून सुनिल्दाचं सगळंच एर्सिराच्या डोळ्यात खुपू लागलं. तिच्या कोंबड्या जास्त अंडी घालत. तिच्या छताच्या फळ्या गळत नसत. तिच्या दारातली डेलियाची फुलं तर मुलाच्या डोक्याएवढी होत. आणि या सगळ्यावर कडी म्हणजे तिचा पिवळा.

दहिवर पडायच्या आधी सुनिल्दा डेलियाची फुलं खुडून, त्यात फांद्यांवर लोंबणारी, शेवाळासारखी झाडाची दाढी घालून लोकर उकळायची. मग तिच्या कुंपणावर पिवळ्या लडी वाळत पडायच्या. त्या पिवळ्यात थोडा नारिंगी होता, थोडा मधाचा होता. अंधारलेल्या पावसाळी दुपारी तेवढा एक तुकडा उजेडात असल्यासारखा वाटे. एर्सिरा खिडकीचा पडदा बोटभर सारून बघायची आणि तिच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. तीही तीच फुलं, तीच दाढी घालायची. पण तिच्या भांड्यातून निघायचा तो पिवळा भांडी विसळलेल्या पाण्याचा असायचा.

विचारायची सोय नव्हती. रंगाचं भांडं चुलीवर असलं की बेटावरच्या बायका दार लावून घेतात. हेवा करणाऱ्याची नजर भांड्यात पडली की दूध नासावं तसा रंग फाटतो, हे इथे पोरासोरांनाही ठाऊक. कुणाची वस्तू चांगली म्हटली तर लगेच ‘देव राखो’ म्हणायचं, म्हणजे दृष्ट लागत नाही. एर्सिराही म्हणायची. फक्त ‘काय डेलिया फुललाय गं शेजारीणबाई’ हे ती गावाला ऐकू जाईल असं म्हणायची, आणि ‘देव राखो’ घरी पोचल्यावर.

यंदाच्या पानगळीत मात्र प्रकरण डेलियावर थांबलं नाही.

एर्सिराची नात यास्ना तिच्याजवळच वाढलेली. आई लांब शहरात मासळीच्या कारखान्यात, तेव्हा न्हाऊ-माखू घालण्यापासून सगळं आजीनेच केलेलं. यास्नाला आता दिवस गेले होते, थंडीच्या ऐन तोंडावर बाळ यायचं होतं. बाळाचं पहिलं पांघरूण घरातल्या म्हातारीने करायचं ही इथली रीत. एर्सिराने त्यासाठी आपल्या सगळ्यात गुणी मेंढीची लोकर राखून ठेवली होती. उन्हाळाभर ती कातली, इतकी बारीक की स्वतःचीच दृष्ट लागेल म्हणून ती स्वतःलाच ‘देव राखो’ म्हणायची. आणि एका सकाळी यास्ना, जी सुनिल्दाला मानाने ‘दोन्या’ म्हणायची, म्हणाली,

“आजी, पांढरी नको गं ठेवू. दोन्या सुनिल्दाकडून पिवळी करून आणू?”

“का? पांढऱ्याने काय घोडं मारलंय?”

“मळकट दिसतं लगेच.”

“तुझी आई पांढऱ्यातच वाढली, तूही पांढऱ्यातच. मळलीस का कुठे?”

“आजी, रंगच तर द्यायचाय. विणणार तूच आहेस ना?”

“हो, मी विणणार. आणि लोक म्हणणार काय, तर बाई, हा तर सुनिल्दाचा पिवळा!”

यास्ना हसली, लडी टोपलीत भरल्या आणि गेलीसुद्धा. एर्सिरा चुलीजवळ बसून राहिली. मुरांबा खाली लागला तेव्हा कुठे उठली.

खरं तर यास्नाचं तिकडे जाणं हल्ली रोजचंच झालं होतं. सकाळी जायची ती दुपार करून यायची. विचारलं तर म्हणे, सुया ओवून दिल्या, लसूण निवडून दिला. एर्सिरा मनात म्हणायची, धडधाकट बाई आहे, तिला सुया ओवायला माझी नात कशाला हवी? आणि सुनिल्दाचा तोरा तर बघवत नव्हता. रविवारी चर्चच्या पायऱ्यांवर एर्सिरा हातभर अंतरावर उभी होती, तरी ही मान ताठ ठेवून पुढे निघून गेली, साधी हाक नाही. यंदा तिने डेलियाला काठ्यासुद्धा लावल्या नव्हत्या. फुलं चिखलात लोळत होती. झाडावर पिकलेली सफरचंदं तशीच. एवढं माजलं माणूस, की आता हात लावायलाही नको! नवरा गेला, मुलं पांगली, म्हणून हिने आता दुसऱ्याच्या नातीवर डोळा ठेवलाय. सुतावरून स्वर्ग गाठायला एर्सिराला वेळ लागत नसे, आणि इथे तर सूतही तिचंच होतं.

ज्या दिवशी सुनिल्दाच्या धुराड्यातून रंगाचा ओला, कडवट वास येऊ लागला, त्या दिवशी एर्सिराच्या हातून चाती दोनदा पडली. यास्ना सकाळच्या बोटीने दवाखान्यात तपासून घ्यायला गेली होती. वारा फिरला होता, बोट लवकर यायचं चिन्ह नव्हतं. एर्सिराने खूप वेळ वाट पाहिली, नक्की कशाची ते तिलाही सांगता आलं नसतं. मग तिने बटाट्याच्या चार गरम पोळ्या फडक्यात बांधल्या. शेजारणीकडे रिकाम्या हाताने जाऊ नये. आणि शेजारणीचा रंग फाडायला जायचं असेल तर मुळीच जाऊ नये.

कारण तिने ठरवलंच होतं. जन्मभर डोळा आवरला, आज एकदा सोडायचा. भांड्यात एकच नजर. रंग फाटेल, लोकर राखाडी होईल, यास्ना तोंड पाडून परत येईल आणि म्हणेल, आजी, तुझीच पांढरी काढ. पांढऱ्या लोकरीची आणखी एक मेंढी होतीच.

दार उघडं होतं.

एर्सिरा उंबऱ्यातच थबकली. रंग चुलीवर आणि दार उघडं, हे या घरात तिने कधी पाहिलं नव्हतं. आत सुनिल्दा चुलीपाशी उभी होती, हातात काठी, तोंड दाराकडे.

“आलीस का गं? बघ बाई लवकर, मला काही समजेना,” सुनिल्दा म्हणाली.

एर्सिरा दोन पावलं आत आली. खिडकीतून भर दुपारचा उजेड तिच्या तोंडावर पडत होता. दोघींमध्ये एका टेबलाचं अंतर.

“यास्ना?” सुनिल्दाने मान जरा वाकडी केली. “कोण आहे? बोलत का नाही?” मग तिने नाक वर केलं. “एर्सिरा! लसणाचा वास आला तेव्हाच ओळखायला हवं होतं.”

“तुला… तुला दिसत नाही?”

“धुकं दिसतं. मागच्या हिवाळ्यापासून. चांगल्यापैकी दाट आहे.” सुनिल्दा चुलीचा कठडा चाचपत म्हणाली. “यास्नाला मीच शपथ घातली होती, सांगू नको म्हणून. गावाला कळलं असतं तर चाललं असतं. तुला कळायला नको होतं.”

चर्चच्या पायऱ्या, चिखलातला डेलिया, ओवायच्या सुया, सगळं एर्सिराच्या डोळ्यांसमोरून एकदम गेलं. तिला वाईट वाटलं, पण तेही लगेच नाही. आधी, खोटं कशाला सांगायचं, तिला बरं वाटलं. मग त्या बरं वाटण्याचीच शिसारी आली. तिने पोळ्या टेबलावर ठेवल्या.

“आता आलीच आहेस तर भांड्यात बघ,” सुनिल्दा म्हणाली. “लोकर काढायची वेळ झाली का सांग.”

“मी?”

“मग काय मांजर बघणार?”

“शेजारीणबाई, माझा डोळा…”

“ठाऊक आहे तुझा डोळा. इतकी वर्षं दार कुणासाठी लावत होते मी? पण माझा पिवळा तुझ्याइतका पाहिलाय कुणी? यास्ना आली तरी म्हणेल, पिवळा झाला. अगं, पिवळा म्हणजे कुठला? तिला नाही कळत. तुला कळतं. बघ.”

एर्सिराने झाकण उचललं. वाफ तोंडावर आली. वाफेखाली तिची स्वतःची लोकर होती, आणि रंग तोच, तिच्या रोजच्या ओळखीचा. भांडी विसळलेल्या पाण्याचा.

म्हणजे ‘झाला’ म्हणायचं, बस. एकच शब्द. नजर लावायचीही गरज नव्हती, समोरच्या बाईला नजरच नव्हती. लोकर फिकी निघाली असती, यास्ना हिरमुसली असती आणि दोष सुनिल्दाच्या डोळ्यांना गेला असता. एर्सिराच्या जिभेवर तो शब्द आलाही. पण सुनिल्दा काठी धरून, कान देऊन उभी होती. आणि भांड्यात आपल्याच पणतवंडाचं पांघरूण होतं.

“अजून नाही,” एर्सिरा म्हणाली.

“बरं. बस मग.”

दोघी बसल्या. पोळ्या खाल्ल्या. सुनिल्दाने माते नावाचा कडसर पानांचा चहा ओतला, अर्धा पेल्यात आणि अर्धा टेबलावर. एर्सिराने टेबल पुसलं. मग तिला राहवेना.

“काय घालतेस गं त्यात? आता तरी सांग.”

“तू घालतेस तेच.”

“उगाच काहीतरी! मग माझा का येत नाही?”

“तू लवकर काढतेस. तुला माझ्या आधी वाळत घालायचा असतो ना.”

एर्सिराच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. पण खरंच, दर वर्षी पलीकडे धूर दिसला की तिची धांदल उडायची. ती उठली, झाकण उचललं, पाहिलं, “अजून नाही,” म्हणाली आणि पुन्हा बसली. असं बऱ्याचदा झालं. मध्ये दोघींनी गावातल्या सगळ्या सुनांची उजळणी करून घेतली.

आणि एकदा झाकण उचललं तेव्हा तो पिवळा खाली होता. थोडा नारिंगी, थोडा मधाचा. इतक्या जवळून तिने तो कधी पाहिला नव्हता.

“आता,” ती म्हणाली. “काढ, काढ, आत्ता!”

काठीला धरून दोघींनी लडी उपसल्या, पिळल्या. एर्सिरा त्या घेऊन पुढच्या कुंपणाकडे निघाली तशी सुनिल्दा म्हणाली, “तिकडे नको. मागे घाल, ऊन मागच्या अंगाला असतं.”

“इतकी वर्षं तर पुढेच घालत होतीस.”

“तेव्हा तू खिडकीत असायचीस.” सुनिल्दा एप्रनला हात पुसत होती. “पडदा हलायचा ना तुझा. तो हलला की वाटायचं, आला बाई रंग! आता मला दिसणार नाही, मग पुढे घालून करू काय? घाल मागेच. लवकर वाळेल.”

ओल्या लडी कवेत घेऊन एर्सिरा पुढे गेली आणि पुढच्याच कुंपणावर तिने त्या एकेक करून पसरल्या, अगदी आपल्या खिडकीसमोर. आणि तरातरा घरी गेली.

धक्क्याकडून यास्ना येत होती. तिने लांबूनच पाहिलं आणि ओरडली, “दोन्या सुनिल्दा! काय रंग उतरलाय हो! असा तर कधीच आला नव्हता! देव राखो!” सुनिल्दा दारात उभी राहून नवरीसारखी हसत होती. आजीचं नाव कुणीच घेतलं नाही. खिडकीमागे एर्सिराचा जीव जळला, अगदी खराखुरा, दर वर्षीच्यासारखा.

तिने पडदा धरून खसाखसा हलवला. मग खिडकी उघडून, गावाला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडली,

“शेजारीणबाई! पडदा हलतोय गं माझा!”