दुधीच्या भाजीतलं कूट

माझी जीभ तिखट आहे. विद्यानगरातल्या आमच्या इमारतीत कोणालाही विचारा, हेच सांगतील. मनात आलं की मी बोलून मोकळी होते. पण एक गोष्ट तीन वर्षं झाली तरी बोललेले नाही. ओठांपर्यंत येते आणि मी घोटभर पाणी पिऊन ती परत आत ढकलते. यांना ठाऊक नाही, लेकीला ठाऊक नाही. तुम्हाला सांगते आहे कारण तुम्ही मला ओळखत नाही, आणि — नको. कारणं नकोतच.

सुरुवात टीव्हीपासून करते. ते कार्यक्रम तुम्हीही बघितले असतील. परदेशातली अवाढव्य माणसं, पलंगावरून स्वतःहून उठता न येणारी. कॅमेरा त्यांच्या न्हाणीघरापर्यंत जातो, मांसाच्या वळकट्या उचलून दाखवतो, मग त्यांचं खाणं दाखवतो — तोंडाजवळून, ओघळ हनुवटीवर येईपर्यंत. आमच्याकडे तो दुपारी दीडला हिंदीतून लागायचा. निवृत्त झाल्यापासून मी तो एकदाही चुकवला नाही. हे म्हणायचे, "जेवताना काय बघतेस हे, ओकारी येते." आणि ताट घेऊन गॅलरीत जायचे. मला ओकारी येत नसे. मला भूक लागत असे! शी म्हणायचं आणि घास तोंडात घालायचा, बाई गं म्हणायचं आणि पोळी मोडायची — अशी माझी जेवणं व्हायची. तुम्हाला हे वाचून किळस आली असेल तर ती बरोबर जागी आली आहे.

त्यात एक प्रसंग ठरलेला असायचा. डॉक्टर पथ्य देतात, महिन्याभरानं ते माणूस धापा टाकत काट्यावर चढतं, आणि आकडा येतो. कमी झाला की सगळे टाळ्या वाजवतात. वाढला की डॉक्टर विचारतात, काय खाल्लंस? ते माणूस रडत सांगतं, दिलं तेवढंच खाल्लं. डॉक्टर हसतात, घरचे मान फिरवतात, आणि आपल्याला कळतं की हे खोटं बोलतं आहे. मला टाळ्यांचे भाग आवडत नसत. त्या दिवशी जेवणही अळणी लागायचं. मला आकडा वाढलेला हवा असायचा. मला ते रडणं हवं असायचं.

आणि हे सगळं मी मोठ्यानं बोलायचे. "म्हशीसारखी पसरलीय बघा." "हिला लाज कशी नाही?" टीव्ही हॉलमध्ये, आणि हॉलला लागून आतली खोली. आतल्या खोलीत नलू.

नलू माझी धाकटी बहीण. तिचे यजमान गेले, मूलबाळ नव्हतं, तेव्हापासून ती आमच्याकडे. माझी केतकी तिच्याच अंगाखांद्यावर वाढली, कारण मी विद्यापीठात कारकुनी करत होते आणि संध्याकाळी सहाशिवाय घरी येत नव्हते. नलू आधीपासूनच अंगानं भरलेली, पण मग गुडघे गेले, हिंडणं-फिरणं थांबलं, आणि वजन एकशे अठरा किलोंवर गेलं. आम्ही दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. दोन वर्षं ती जिना उतरली नव्हती. मी चवळीची शेंग. लग्नातलं पोलकं मला अजून येतं, आणि हे मी येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला सांगते.

तिला माझं बोलणं ऐकू जात होतं का? भिंत वीतभर जाडीची आणि मधलं दार उघडं. एके दुपारी ती काठी टेकत बाहेर आली आणि माझ्याशेजारी दिवाणावर बसली. अख्खा भाग बघितला. मला वाटलं, आता रडेल. ती म्हणाली, "ताई, ही बाई करतीय तर मी का नाही करू? मला सुलतान बाजारात जायचंय गं. माझ्या पायांनी. ब्लाउजचं कापड माझ्या हातानं बघून घ्यायचंय."

केतकीला कळवलं तेव्हा तिला केवढा आनंद झाला. ती कंपनीच्या जवळ, शहराच्या पार दुसऱ्या टोकाला राहते. दर रविवारी यायला लागली. मोठा वजनकाटा आणला, नलूचे जुने कागद दाखवून आबिड्सच्या बाजूचा एक हाडांचा डॉक्टर गाठला. डॉक्टर म्हणाले, बारा किलो उतरवा, मग दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन करू, चालायला लागाल. त्यांच्याकडच्या मुलीनं आहाराचा कागद लिहून दिला. तेल नाही, तूप नाही, तळलेलं नाही. उकडलेल्या भाज्या, एक भाकरी, पातळ ताक. आणि हे सगळं करून द्यायचं मी, कारण नलूला ओट्याशी उभं राहवत नव्हतं. मी देईन ते तिनं खायचं. ध्यानात येतंय का? मी देईन तेच.

पहिल्या महिन्यात साडेचार किलो उतरले. रविवारी सकाळी नलू माझा आणि केतकीचा हात धरून काट्यावर चढली, आणि यांनीसुद्धा टाळ्या वाजवल्या. केतकी तिच्या गळ्यात पडली. "मावशी, तू ना एकदम ग्रेट आहेस." मीही टाळ्या वाजवल्या. हात वाजत होते आणि मनात काय आलं सांगू? आज काही बघायला मिळालं नाही.

इथवर सांगितलं की माझं नेहमी अडतं. पुढचं वाक्य मी स्वतःशीसुद्धा पुरतं उच्चारलेलं नाही. लहानपणी अप्पा नलूच्या ताटात कौतुकानं वाढायचे आणि माझ्याकडे बघून म्हणायचे, ही काय चिमणीसारखं टिपते — असलं काही मी पुष्कळदा आठवून बघितलं आहे, त्यात काही सापडतं का म्हणून. पण अप्पांनी माझ्या हातात कुटाचा डबा दिला नव्हता.

कूट. शेंगदाण्याचं कूट. आपल्या घरात कुठल्या भाजीत ते नसतं? त्या कागदावर त्याचं नावच नव्हतं. पथ्य लिहून देणारी मुलगी तेलुगू, तिला काय ठाऊक आपण दुधीत, दोडक्यात, काकडीत काय काय घालतो. पण नलूला ठाऊक होतं. पहिल्याच दिवशी तिनं आतून सांगितलं होतं, "ताई, कूट नको गं घालू, त्यात तेल असतंय." दुसऱ्या महिन्याच्या पहिल्या सोमवारी मी मूठभर दाणे मिक्सरमध्ये घातले, पाणी घालून गंधासारखे बारीक वाटले आणि दुधीच्या भाजीत कालवले. का? बघू काय होतं, एवढंच होतं मनात. अगदी एवढंच. मग ताकात साय घुसळायला लागले. मग भाकरीच्या पिठात तूप चोळायला लागले. मिक्सर फिरवताना स्वयंपाकघराचं दार लोटून घ्यायचे. चुकून झालं असतं तर दार कशाला लोटलं असतं?

आणि ती जेवायची. डोळे मिटून जेवायची. "पथ्याचं असून किती चवदार करतीस गं ताई. तुझ्या हाताला चव आहे." एकदा तिनं माझा हात हातात घेतला आणि म्हणाली, "तू नसतीस तर माझं काय झालं असतं." मी हात सोडवून घेतला, कारण बोटांना तुपाचा वास होता.

रविवारचा आकडा आधी थांबला. मग चढायला लागला. अर्धा किलो, एक किलो. नलूचा चेहरा बघण्यासारखा व्हायचा — हे मी लिहिते आहे आणि मला माझीच शिसारी येते आहे, पण तो खरंच मला बघण्यासारखा वाटायचा. टीव्हीवर जे मी परक्या बायांचं बघत होते, ते आता माझ्या घरात, माझ्या स्वयंपाकानं घडत होतं. ती भाकरी अर्धी करायची. मी त्या अर्धीत दुप्पट तूप घालायचे.

तिसऱ्या महिन्याच्या शेवटी डॉक्टरांकडे जायचं होतं. तिला खुर्चीत बसवून चौघांनी खाली उतरवलं. वॉचमन, खालच्या मजल्यावरचे दोघे भाऊ आणि हे. जिन्यात दारं उघडून लोक बघत होते. तिनं पदर तोंडावर ओढून घेतला होता. दवाखान्याच्या काट्यावर आकडा आला एकशे एकोणीस. सुरुवातीपेक्षा एक किलो जास्त.

डॉक्टर भले होते, पण दमलेले होते. म्हणाले, "हवा खाके वजन नै बढता, अम्मा. सच बोलो."

नलू म्हणाली, "ताई जो दी वोइच खाई मैं, डॉक्टरसाब. कसम से."

ते हसले. अगदी टीव्हीतल्यासारखे. मग ते आणि केतकी, दोघांनी माझ्याकडे बघितलं. केतकी म्हणाली, "आई?"

तेवढ्यात काय काय करता आलं असतं. गप्प राहता आलं असतं. माझ्याच हातून काही चुकलं असेल म्हणता आलं असतं, तेवढ्यावरही निभावलं असतं. मी म्हणाले, "मी तर कागदाप्रमाणेच देते. पण हिच्या गादीखाली बिस्किटांचे रिकामे पुडे सापडतात, आता काय बोलू?"

हे वाक्यसुद्धा माझं नव्हतं. आठवडाभर आधीच्या भागात त्या लठ्ठ बाईची बहीण हेच बोलली होती. मी ते उचललं आणि सख्ख्या बहिणीच्या अंगावर टाकलं. पुडे कुठले, कुणी आणून दिले, जिना न उतरणाऱ्या बाईला मिळाले कसे — कुणीही विचारलं नाही. विचारायची गरजच नव्हती. लठ्ठ माणूस खोटं बोलतं, हे सगळ्यांना पाठ होतं. ऑपरेशन पुढे ढकललं. म्हणजे गेलं.

परतताना केतकी गाडी चालवत होती आणि रडत होती. "मावशी, आम्ही एवढं करतोय आणि तू आमच्याशी खोटं बोलतेस?" गाडी सुलतान बाजारातून गेली, गर्दीत चांगली दहा मिनिटं अडकली. नलूच्या काचेला लागूनच कापडाची दुकानं होती. तिनं मान वर केली नाही. घरी पोचल्यावर, मी तिला पलंगावर टेकवत होते तेव्हा, तिनं मला हळूच विचारलं, "ताई, खरंच सापडले का गं पुडे? मला तर काहीच आठवंना. झोपेत खात असेन का मी?"

मी म्हणाले, "असशील."

हे मी म्हणाले. डॉक्टरांसमोर तोंडातून निघून गेलं असं एखादा म्हणेल. पण इथे आम्ही दोघीच होतो, दार बंद होतं, आणि ती माझा हात धरून होती.

त्यानंतर तिनं पथ्य सोडलं. केतकीचं रविवारी येणं थांबलं. सणावाराला येते, मावशीला वाकून नमस्कार करते, तेवढंच. जिला हातांवर वाढवलं त्या पोरीला नलू आता दबून असते, विचारल्याशिवाय बोलत नाही. काटा माळ्यावर आहे. नलू आता काठी घेऊनही हॉलपर्यंत येत नाही, तिला चाकाच्या खुर्चीतून आणावं लागतं. कूट मी आता लपवून घालत नाही. ते आता सगळ्यांच्याच भाजीत असतं, तिच्याही.

तो कार्यक्रम अजून लागतो. मी बघत नाही, पण तिला हवा असतो, म्हणून लावते. आज दुपारी त्यात एक तरुण बाई होती, काट्यावर उभी, वजन वाढलेलं. ती रडत शपथा घेत होती की दिलं तेवढंच खाल्लं. नलूनं ताटातली दुधीची भाजी संपवली, पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाली, "खोटं बोलतीय बघ ताई ही. मीही असंच म्हणाले होते की डॉक्टरला."

मी तिच्या मांडीवरचं ताट उचललं आणि विसळायला घेऊन गेले.